चॉकलेटचं झाड पाहिलंत?

"चॉकलेट कुठे तयार होतं?" हा प्रश्न तुमच्या वर्गात विचारून पाहा. निम्मी मुलं म्हणतील, "कारखान्यात!" कुणी हुशारी करून म्हणेल, "स्वित्झर्लंडमध्ये!" धाकट्या भावंडाला विचाराल तर ते सरळ कोपऱ्यावरच्या दुकानाकडे बोट दाखवेल. "पोफळीच्या बागेत" असं उत्तर मात्र बहुधा कुणीच देणार नाही. पण मित्रमैत्रिणींनो, तेही उत्तर अगदी बरोबर आहे बरं का! आणि अशी बाग बघायला फार लांब जायला नको. कोकणातून रेल्वेने दक्षिणेकडे निघालात, गोवा ओलांडून मंगळूरला उतरलात आणि तिथून सुमारे ५० किलोमीटर आत गेलात, की पुत्तूर नावाचं गाव लागतं. त्याच्या आसपासच्या कितीतरी बागांमध्ये चॉकलेटची झाडं उभी आहेत.

आता तुम्ही म्हणाल, झाडाला काय गोळ्या-वड्या लागतात की काय? तसं नाही. चॉकलेट ज्याच्यापासून बनतं, त्या कोकोची ती झाडं. चला तर, अशीच एक बाग डोळ्यांसमोर आणू आणि तिच्यात फेरफटका मारून येऊ. बाग एका कुटुंबाची आहे. आजी-आजोबा, काका-काकू आणि शाळेत जाणारी दोन मुलं, सगळे मिळून ती सांभाळतात.

पोफळीच्या सावलीतला पाहुणा

बागेत शिरल्याबरोबर पहिल्यांदा जाणवतो तो गारवा. वर बघावं तर सरळसोट पोफळी आणि माड. पोफळ म्हणजे सुपारीचं झाड, हे कोकणातल्या मुलांना सांगायला नकोच. त्यांच्या खोडांवर मिरीचे वेल चढलेले. आणि या सगळ्यांच्या खाली, डोक्याच्या जरा वर पोचतील अशी मोठ्या लोंबत्या पानांची झाडं. तीच कोकोची.

कोकोला भगभगीत ऊन सोसत नाही. त्याला हवी उबदार, दमट हवा आणि वरून गाळून आलेला उजेड. त्याचं मूळ घर दक्षिण अमेरिकेत, ॲमेझॉनच्या जंगलात. तिथे ते उंच वृक्षांच्या छायेत वाढतं. इथे पोफळी आणि माड त्याला तीच छाया देतात. म्हणून आपल्या देशात कोकोची वेगळी शेतं क्वचितच दिसतात. तो असतो तो पाहुणा म्हणून, दुसऱ्याच्या बागेत. कोकणात नारळाच्या बागेत मिरी, दालचिनी आणि जायफळ लावून 'लाखीबाग' करतात ना, तसाच हा प्रकार. एकाच जमिनीत, एकाच पाण्यावर दोन-तीन पिकं. एकाचा भाव पडला तर दुसरं सावरून घेतं.

जगाच्या नकाशावर विषुववृत्ताच्या वर आणि खाली २० अंशांपर्यंत पट्टा रंगवा. कोको मुख्यतः या पट्ट्यातच पिकतो. म्हणजे गंमत बघा, चॉकलेटसाठी प्रसिद्ध असलेल्या स्वित्झर्लंडमध्ये किंवा बेल्जियममध्ये कोकोचं एकही शेत नाही. तिथल्या थंडीत हे झाड उघड्यावर जगणारच नाही.

या भागातल्या काही बागांत तुम्हाला आणखी एक नवल भेटेल. कार्कळ आणि बेळ्तंगडी तालुक्यांतल्या काही गावांत सुपारीच्या बागा करणारी कित्येक घरं पिढ्यांपूर्वी कोकणातून तिकडे गेलेली. घरात ती आजही चित्पावनी बोली बोलतात. बाहेर कन्नड आणि तुळू, आणि स्वयंपाकघरात मराठीची सख्खी बहीण!

खोडावर लागलेली फळं

कोकोच्या झाडाजवळ गेलं की पहिल्यांदा डोळे फांद्यांच्या टोकांकडे जातात. आंबा-पेरूची सवय ना आपल्याला! पण तिथे काहीच नसतं. फळं लागलेली असतात थेट खोडावर, फणसासारखी. वीतभर लांबीची, मधे फुगीर आणि टोकांकडे निमुळती, अंगावर उभ्या रेघा. कच्ची असताना हिरवी, पिकली की पिवळीधमक. काही झाडांची फळं लालसर असतात, ती पिकली की नारिंगी होतात.

खोडावरच बारीक बारीक फुलंही दिसतात. पांढरट-गुलाबी, जेमतेम नखाएवढी. त्यांच्यावर मधमाश्या नाही, तर चिलटांएवढ्या इवल्या माश्या परागकण पोचवतात. या माश्या वाढतात कुठे, तर खाली कुजत पडलेल्या पाल्यापाचोळ्यात. म्हणून जाणता बागाईतदार बाग अगदी झाडून-पुसून लख्ख ठेवत नाही. पाचोळा नाही तर माश्या नाहीत, आणि माश्या नाहीत तर चॉकलेट नाही! एवढं करूनही शंभर फुलांतून जेमतेम एक ते पाच फळं धरतात. फूल धरल्यापासून फळ पिकायला पाच-सहा महिने लागतात.

कोकोचे नातेवाईक कोण माहीत आहेत? भेंडी, कापूस आणि जास्वंद! वनस्पतिशास्त्रात हे सगळे एकाच कुळातले. स्वीडनचे शास्त्रज्ञ कार्ल लिनेयस यांनी १७५३ साली या झाडाला 'थिओब्रोमा' असं नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'देवांचं अन्न'.

पण देवांचं अन्न असलं म्हणून खारींना त्याचं काय? खार आणि उंदीर फळ पिकायच्या आतच कुरतडून भोक पाडतात आणि आतला मेवा फस्त करतात. माकडं आली तर बघायलाच नको. पावसाळ्यात वेगळंच संकट. एका प्रकारच्या बुरशीने फळं काळी पडून सडतात. सुपारीवर येणारा कोळेरोगही याच बुरशीच्या भावंडांमुळे होतो. म्हणून मोरचूद आणि चुना कालवून केलेलं बोर्डो मिश्रण दोघांवरही फवारावं लागतं.

गर गोड, बी कडू

पिकलेलं फळ ओढून काढायचं नाही. कोयत्याने देठ कापायचा, खोडाची साल न दुखावता. कारण जिथे आज फळ आहे, तिथेच पुढे पुन्हा फुलं येणार असतात. त्या जागेला इजा झाली तर पुढची फळंही गेली.

फळ फोडायची पद्धतही बघण्यासारखी. काका ते दगडावर नाहीतर लाकडाच्या ओंडक्यावर आपटतात. कोयत्याने कापलं तर आतलं बी चिरलं जाण्याची भीती. एक-दोन ठोके, की जाड कवचाचे दोन तुकडे होतात आणि आत दिसतो पांढराशुभ्र गर, सीताफळासारखा. एका फळात साधारण ३० ते ४० बिया, मधल्या दांड्याला रांगेने चिकटलेल्या.

"तोंडात टाका, पण चावू नका हं," असं काका बजावतात. गर चोखला की आंबटगोड, थोडी लिचीची, थोडी सीताफळाची चव. चॉकलेटचा मात्र वाससुद्धा नाही! आणि न राहवून कुणी बी चावलीच, तर तोंड असं कडू होतं की विचारू नका. आतून बी जांभळी असते.

मग या कडूजहर बियांतून चॉकलेटची चव येते तरी कुठून? कारखान्यातून? नाही. ती इथेच, बागेत येते. आणि फेरफटक्यातली खरी बघण्याची गोष्ट हीच आहे.

पेटीतले सहा दिवस

घरामागच्या पडवीत लाकडी पेट्या असतात, तळाला भोकं पाडलेल्या. गरासकट बिया त्यात भरायच्या आणि वरून केळीची पानं झाकायची. थोडं पीक असेल तर वेताची टोपलीही चालते. यापुढचे पाच ते सात दिवस बिया आंबायच्या.

इडलीचं पीठ आंबताना पाहिलंय ना? इथेही कामकरी तेच, डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव. आधी यीस्ट गरातली साखर खातात आणि तिची दारू करतात. मग दुसरे जिवाणू येतात आणि त्या दारूचा शिरका करतात. या गडबडीत पेटी इतकी तापते की हात घातला तर चटका बसावा, ४५ ते ५० अंश सेल्सिअस! उष्णता आणि आंबटपणा यांनी बीमधला कोंब मरतो. आतल्या पदार्थांची उलथापालथ होते, जांभळा रंग तपकिरी होतो, कडूपणा उतरतो. भाजल्यावर जो चॉकलेटचा सुगंध दरवळतो, त्याची सगळी पूर्वतयारी इथे होते.

बिया मधूनमधून उलथ्यापालथ्या कराव्या लागतात, म्हणजे हवा सगळीकडे पोचते. कधी करायच्या? आजी नाकाने ओळखतात. पहिल्या दिवशी पिकल्या फळाचा वास, मग ताडीसारखा, मग शिरक्याचा झणझणीत. पेटी एक दिवस आधी रिकामी केली तर चव कच्ची राहते. दोन दिवस विसरली तर बिया कुजतात. नंतर जगातलं कितीही महागडं यंत्र आणलं तरी ही बिघडलेली चव सुधारत नाही.

मग वाळवण. सुपारी वाळते त्याच अंगणात कोकोच्या बियाही पसरतात. हाताने सारख्या हलवत राहायचं, ढग दिसले की धावत जाऊन गोळा करायच्या. शाळेतून आलेली मुलं या कामाला हमखास सापडतात! निम्म्याहून जास्त पाणी असलेली ओली बी वाळून तिच्यात जेमतेम सहा-सात टक्के ओलावा उरला, की झालं. मुठीत दाबली की ती कुरकुर वाजते. तीन किलो ओल्या बियांतून सुकं बी निघतं साधारण एक किलो.

सूप, कढई आणि इडलीचा ग्राइंडर

पुढची कामं पाहून तुम्हाला घरचं स्वयंपाकघर आठवेल. सुक्या बिया शेंगदाण्यांसारख्या भाजायच्या. भरडून त्यांची टरफलं सुटी करायची. सुपात घेऊन पाखडायच्या. टरफलं उडून जातात आणि खाली राहतात तपकिरी तुकडे.

हे तुकडे दळायला काय लागतं? दगडी ग्राइंडर! तोच, ज्यात इडलीचं पीठ वाटतात. जगात छोट्या प्रमाणावर चॉकलेट करणारे कितीतरी लोक दक्षिण भारतातले ग्राइंडर थोडे फेरफार करून वापरतात. इडलीच्या यंत्राने अमेरिकेत आणि युरोपात चॉकलेट होतंय, आहे की नाही मजा!

कोकोच्या तुकड्यांत निम्म्याच्या आसपास चरबी असते, तिला कोको बटर म्हणतात. म्हणून पाण्याचा थेंब न घालता, दळता दळता ते आपोआप पातळ होतात. त्यात साखर घालायची, हवी तर दूध पावडर, आणि तासन्‌तास वाटत राहायचं. जिभेला कण लागेनासा झाला, की हळूहळू थंड करून साच्यात ओतायचं. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि आपल्या शरीराचं तापमान असतं ३७. म्हणूनच चॉकलेट हातात घट्ट वाटतं आणि तोंडात विरघळतं. मे महिन्यात दप्तरात ठेवलं तर काय होतं, ते तुम्हाला माहीत आहेच!

आता थोडं गणित. कमी गोड, गडद चॉकलेटच्या १०० ग्रॅमच्या वडीत ७० टक्के कोको असेल, तर टरफलांची घट धरून सुमारे ९० ग्रॅम सुक्या बिया लागतात. एक सुकी बी साधारण एक ग्रॅमची. म्हणजे ९० बिया, म्हणजे दोन-तीन फळं. आणि ती फळं धरण्यासाठी किती फुलं उमलली असतील, ते तुम्ही काढा.

झाडं तोडायची वेळ आली तेव्हा

बागेतल्या सावलीत हे सगळं छान वाटतं. पण आजोबांना विचारलं तर ते वेगळीच आठवण काढतील. आपल्याकडे कोकोची मोठ्या प्रमाणावर लागवड सुरू झाली ती १९६५ नंतर. चॉकलेट कंपनीने रोपं दिली, बियांना गिऱ्हाईक मिळालं. १९७७ साली जगात कोकोचे भाव पूर्वी कधी नव्हते इतके चढले. केरळ-कर्नाटकातल्या शेतकऱ्यांनी हौसेने आणखी झाडं लावली. झाडं फळाला लागेपर्यंत तीन-चार वर्षं गेली, आणि तोवर जगातले भाव कोसळले! खरेदीदारांनी हात आखडता घेतला. ओल्या बियांचे ढीग घेऊन शेतकरी बसले. ही बी काही तांदळासारखी कणगीत भरून ठेवता येत नाही. वैतागून कित्येकांनी हौसेने लावलेली झाडं तोडून टाकली.

कोकोचा भाव ठरतो तो लंडन आणि न्यूयॉर्कच्या बाजारांत. पुत्तूरच्या बागाईतदाराने कितीही मनापासून पेटी उलथली, तरी त्या भावावर त्याचा काय ताबा? एकट्याचा काहीच नाही. पण सगळे एकत्र आले तर?

सुपारी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी १९७३ साली मंगळूरमध्ये एक सहकारी संस्था काढली होती. तिचं नाव कॅम्पको, आणि तिचे संस्थापक अध्यक्ष होते वारणाशी सुब्राय भट. कोकोवाल्यांवर संकट आलं तेव्हा या संस्थेने त्यांच्या बिया विकत घ्यायला सुरुवात केली. पण नुसत्या बिया घेऊन करायचं काय? मग १९८६ साली पुत्तूरला शेतकऱ्यांचा स्वतःचा चॉकलेट कारखाना उभा राहिला. महाराष्ट्रात ऊस उत्पादकांनी सहकारी साखर कारखाने काढले, तशीच ही गोष्ट. हा कारखाना आजही चालू आहे आणि त्याचे मालक आहेत बिया पिकवणारे शेतकरीच.

भावाचा झोका मात्र अजून थांबलेला नाही. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या पश्चिम आफ्रिकेतल्या दोन देशांतून येतो. तिथे हवामान बिघडलं, झाडांवर रोग पडला, पीक घटलं आणि २०२४ साली १९७७ चा विक्रम मोडला. डिसेंबर २०२४ मध्ये भाव टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला. २०२५ मध्ये तो पुन्हा घसरत गेला. भारताचं उत्पादन वर्षाला ३० हजार टनांच्या आसपास, जगाच्या एक टक्क्याहूनही कमी. त्यात आता आंध्र प्रदेश सर्वांत पुढे आहे. एवढ्याने आपली गरज भागत नाही, म्हणून आपण कोको बाहेरून आणतोही.

म्हणूनच काही कुटुंबं आता बी विकून थांबत नाहीत. स्वतःच आंबवतात, भाजतात, वाटतात, आणि पाहुण्यांना बाग दाखवून आपलं चॉकलेट खाऊ घालतात. ओली बी विकली तर पैसा लगेच मिळतो, पण कमी. सुकी करून विकली तर जास्त. चॉकलेट करून विकलं तर त्याहून जास्त, मेहनतही तितकीच जास्त. बाग बघायला आलेल्यांनी दिलेले पैसे लंडनच्या भावाप्रमाणे वर-खाली होत नाहीत!

तुमच्याच वयाची मुलं

या बागेतली मुलं शाळेतून येऊन बिया गोळा करतात, ते घरचं हलकं काम. पण सगळीकडे असं नाही. आयव्हरी कोस्ट आणि घानामध्ये कोकोच्या शेतांवर बालमजुरी करणाऱ्या मुलांची संख्या सुमारे १५ लाख ६० हजार असल्याचं शिकागो विद्यापीठाच्या एका संशोधन संस्थेने २०२० साली सांगितलं. धारदार कोयते चालवणं, जड ओझी वाहणं, असली धोक्याची कामं त्यांच्या वाट्याला येतात. शाळा बुडते ती वेगळीच. यामागे मोठं कारण आहे गरिबी. बियांना पुरेसा भाव मिळत नाही, मजूर लावणं परवडत नाही, म्हणून घरातल्या मुलांना जुंपलं जातं. शेतकऱ्याच्या हातात रास्त पैसा पडला तर मुलांच्या हातात पुस्तक राहायला मदत होते, एवढा हा थेट संबंध आहे.

जायचं असेल तर...

सुट्टीत कर्नाटक किंवा केरळच्या बाजूला जाणार असाल, तर आईबाबांना अशी बाग शोधायला सांगा. पुत्तूरच्या रेल्वे स्टेशनचं नाव 'कबक पुत्तूर' आहे. केरळात इडुक्की जिल्ह्यातही कोकोच्या पुष्कळ बागा आहेत. कोकोला वर्षभर थोडी थोडी फळं येतात, पण एप्रिल ते जून आणि सप्टेंबर ते जानेवारी या दिवसांत जास्त. आधी कळवून, विचारूनच जावं. ते कुणाचं तरी घर आणि शेत आहे, सहलीचं मैदान नव्हे. पावसाळी हवेत पायात बूट हवेत, जळवा असतात! फळ विचारल्याशिवाय तोडायचं नाही, आणि खोडावरच्या फुलांना हात लावायचा नाही.

आणि जाणं जमलं नाही तर? घरबसल्याही एक गोष्ट करता येईल. पुढच्या वेळी चॉकलेट आणाल तेव्हा वेष्टनावरची बारीक अक्षरं मोठ्यांच्या मदतीने वाचा. कोको किती टक्के आहे? कोको बटर लिहिलंय की त्याऐवजी दुसरंच वनस्पती तेल? पुष्कळ स्वस्त वड्यांत कोको अगदी नावाला असतो, बाकी साखर आणि तेल. कोको कुठल्या देशात, कुठल्या भागात पिकला ते लिहिलंय का?

मग एक छोटा तुकडा जिभेवर ठेवा, न चावता. तो विरघळेपर्यंत शांत बसा. जरासा आंबटपणा जाणवला तर तो पेटीत आंबलेल्या गराची आठवण. भाजल्याचा खरपूस वास आला तर तो कढईचा. आणि गोडाच्या मागून थोडा कडूपणा आला तर तोंड वाकडं करू नका. कोकोची खरी चव तीच आहे, आणि ती उतरवायला कुणीतरी आठवडाभर पेटीपाशी राबलेलं आहे!